अकरा वर्षे उभी असलेली बुलेट घ्यावी का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका वाचकाने लिहिले आहे: “माझे वय ३२ असून मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. फोंडा तालुक्यात माझ्या मामांच्या शेजारी एक काका राहतात. ते पूर्वी मोटारसायकल पायलट होते, म्हणजे भाडे घेऊन मोटारसायकलवरून प्रवासी नेत. त्यांनी १९८६ मध्ये नवी घेतलेली ३५० सीसी बुलेट गेली अकरा वर्षे त्यांच्या पडवीत उभी आहे. गुडघ्यांमुळे त्यांना आता ती चालवता येत नाही, म्हणून ते मला द्यायला तयार आहेत. मी आजवर स्कूटर आणि डाव्या पायाच्या गिअरची मोटारसायकलच चालवली आहे. ओळखीचे मेस्त्री म्हणतात की इंजिन पूर्ण उघडून, रंग आणि क्रोम करूनच गाडी रस्त्यावर आणावी. बाबांचे म्हणणे असे की पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार भंगारात काढणार आहे, तेव्हा पैसे पाण्यात जातील. पत्नीला माझ्या सुरक्षिततेची काळजी वाटते. गाडी घ्यावी का, आणि घेतलीच तर सुरुवात कोठून करावी?”

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेला आहात. ज्यांनी ही गाडी नवी घेतली, ज्यांनी तिच्यावर पोट भरले, तेच काका आजही तिचे मालक आहेत आणि तुम्हाला भेटू शकतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. त्यांच्याकडे गाडी चार-पाच हात फिरून येते आणि तिच्या पोटात कोणी काय केले आहे, हे सांगणारा माणूस उरलेला नसतो. म्हणून माझे उत्तर असे की कागद जुळत असतील तर गाडी अवश्य घ्या, पण इंजिन उघडू नका, रंग लावू नका, आणि पहिले वर्षभर तिची नीट ओळख करून घेण्यापलीकडे तिच्यावर कोणतेही मोठे काम काढू नका. मेस्त्रींचा सल्ला वाईट हेतूचा आहे असे मी म्हणत नाही. तो फार लवकर दिलेला आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कागदांपासून सुरुवात करतो, कारण बिघडलेले इंजिन पुन्हा बांधता येते, तुटलेली नोंदणी जोडताना मात्र भल्याभल्यांची दमछाक होते. १९८६ मध्ये गोवा हा दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. त्यामुळे गाडीचा क्रमांक आजच्या ‘जीए’ मालिकेतला नसून ‘जीडी’ या अक्षरांनी सुरू होणारा असण्याचीच शक्यता अधिक आहे. जुना क्रमांक हा दोष नव्हे. किंबहुना मूळ क्रमांक टिकून असेल तर तो जपावा. परंतु अशा गाड्यांची माहिती पुष्कळदा केवळ आरसी पुस्तकात आणि कार्यालयाच्या जुन्या नोंदवहीत असते, ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढवलेली नसते, आणि ती तेथे चढल्याशिवाय हस्तांतरणाचे काम पुढे सरकत नाही. तेव्हा पैशाचे बोलणे करण्यापूर्वी काकांना सोबत घेऊन, मूळ आरसी पुस्तक हातात धरून, संबंधित वाहतूक कार्यालयात एक सकाळ घालवा. इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि फ्रेमवर हँडलजवळ कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कागदावर उतरवा आणि पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहा. अक्षरे घासलेली किंवा नव्याने ठोकलेली वाटली तर तेथेच थांबा. काका कितीही सज्जन असले तरी थांबा, कारण मधल्या काळात इंजिनाचा सांगाडा बदलला गेला असेल आणि ते त्यांच्याही लक्षात नसेल.

तुमच्या बाबतीत आणखी दोन गाठी सोडवाव्या लागतील. गाडी पायलटच्या धंद्यात होती, म्हणजे तिची नोंदणी व्यावसायिक असू शकते. तसे असेल तर परवाना परत करून गाडी खासगी वर्गात आणणे हे पहिले काम, आणि ते काकांच्या हयातीत, त्यांच्या सहीने होणे सर्वांत सोपे. दुसरी गाठ कर्जाची. त्या काळी धंद्याची गाडी बहुधा बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर घेतली जाई. कर्ज कधीच फिटलेले असते, पण आरसी पुस्तकावरचा तारणाचा शिक्का तसाच राहून गेलेला असतो. तो उठवण्यासाठी त्या संस्थेचे पत्र आणि नमुना ३५ लागतो. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, आणि पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी नमुना २५ लागतो. नूतनीकरण रखडलेले असेल तर त्या काळाचा विलंब-आकार भरावा लागेल. ही रक्कम किती होते ते कार्यालयातून लिहून आणा आणि गाडीच्या किमतीतून वजा धरा.

बाबांची शंका रास्त आहे, पण तिचे निरसन होते. पंधरा वर्षे ओलांडलेल्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हा दिल्ली आणि तिच्या परिसराचा विषय आहे. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होऊन ती योग्य ठरली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना देतो. ‘व्हिंटेज म्हणून नोंदवून टाकू’ असे कोणी मध्यस्थ सांगू लागला तर त्याच्या मागे जाऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार ती सोय पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी आहे, तिची फी २०,००० रुपये आहे आणि तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. तुमची बुलेट त्या वयाला २०३६ मध्ये पोहोचेल.

आता गाडीकडे वळू. बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डने १९३२ मध्ये प्रथम वापरले. १९५० च्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडले जात, पुढे सारे भाग येथेच होऊ लागले. मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, तरी तिने आखलेले ओतीव लोखंडी सिलिंडरचे इंजिन मद्रासमध्ये थोड्याफार फरकांनी नव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत राहिले. हा इतिहास मी हौसेने सांगत नाही. एकाच आखणीचे इंजिन इतकी दशके बनत राहिल्यामुळे तिचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात आणि तिचे काम जाणणारे हात अजून आपल्या गावांत आहेत. तुमच्या पैशांची खरी हमी तीच आहे. दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या जुन्या गाडीविषयी तुम्ही विचारले असते तर मी इतक्या सहज होकार दिला नसता.

पायलटची गाडी म्हणजे फार धावलेली गाडी, म्हणून ती टाळावी, असे तुम्हाला कोणी तरी सांगेल. मला ते पटत नाही. पोट गाडीवर असलेला माणूस तेल वेळेवर बदलतो, बारीक आवाजाकडे लक्ष देतो आणि भार असतानाही इंजिनाला दामटत नाही. या गाडीचे नुकसान झाले असेल तर ते धावण्याने नव्हे, अकरा पावसाळे उभे राहण्याने. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि चिऱ्याच्या भिंतीच्या पडवीत चार महिने हवाच ओली असते. पेट्रोलची टाकी आतून गंजते, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात, केबलींना आतल्या आत गंज चढतो, वायरींचे आवरण तडकते, टायर वरून चांगले दिसले तरी दगडासारखे कडक होतात. सायलेन्सरच्या तोंडात आणि उघड्या नळ्यांत कुंभारमाशा मातीची घरे करतात, तेही पाहून घ्या. टॉर्च घेऊन टाकीत डोकावा. तळाशी पातळ तांबूस थर असेल तर तो निघतो. पापुद्रे सुटत असतील, तर खालच्या शिवणीपाशी भोके पडण्याच्या बेतात आहेत असे समजा.

पाहणीत मी सर्वाधिक महत्त्व देतो ते एका गोष्टीला: इंजिन फिरते का. किक मारून पाहू नका. स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस वाट पाहा. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, चौथा गिअर टाकून, मागचे चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा. इंजिन मऊपणे फिरले तर निम्मी चिंता मिटली. अडले तर जोर लावू नका. पुन्हा तेल सोडा आणि आठवडाभर थांबा. तरीही हलले नाही तरच सिलिंडर उतरवण्याचा विषय काढावा आणि किमतीचे बोलणे त्या हिशेबाने करावे.

किंमत किती द्यावी, याचा आकडा मी येथे लिहीत नाही, कारण गाडी न पाहता लिहिलेला आकडा तुम्हा दोघांपैकी एकावर अन्याय करील. पद्धत मात्र सांगतो. गाडीवर मूळचे काय काय शाबूत आहे ते मोजा: टाकी, दोन्ही मडगार्ड, हेडलाइटचे कवच, त्यातील अँपिअर मीटर, बाजूच्या पेट्या, टूलबॉक्सची झाकणे. इंजिनाचे आतले भाग दुकानात मिळतात. मूळचे पत्र्याचे भाग मिळणे कठीण आणि मिळाले तरी नीट बसत नाहीत. पत्रा पूर्ण असेल तर गाडीला चांगली किंमत द्या. शिवाय जेवढे पैसे काकांना द्याल साधारण तेवढेच बाजूला ठेवण्याची ऐपत असेल तरच व्यवहार करा, आणि कुंडईला जाण्यासाठी तुमची आजची गाडी विकू नका. जुन्या गाडीवर रोजच्या हजेरीचे ओझे टाकले की माणूस घाईने दुरुस्त्या करतो, आणि घाईची दुरुस्ती या यंत्राला मानवत नाही.

हे मी स्वतः सोसून शिकलो आहे, म्हणून इंजिन न उघडण्याचा आग्रह थोडा सविस्तर मांडतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी माझी पहिली बुलेट घेतली तेव्हा ती धूर काढत होती आणि थेंब थेंब तेल गाळत होती. एका वर्कशॉपने सारे इंजिन उघडण्याचा सल्ला दिला आणि मी तो मानला. गाडी रंगवून, चकचकीत होऊन आली. गळतीही थांबलेली होती. आठव्या दिवशी अनमोडच्या घाटात इंजिन जड झाले आणि जागच्या जागी अडकले. उघडल्यावर दिसले ते असे, की कागदी पॅकिंगच्या जोडीला सगळीकडे सिलिकॉनचा लेप थापलेला होता. जास्तीचा लेप आत सुटून तेलाच्या वाटेत गेला होता आणि बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो त्या सांध्याला, तेल पोहोचले नव्हते. या जुन्या इंजिनात बिग एंडला रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश (मोकळा फिरणारा धातूचा कडा) असतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावरच जगतो. थर तुटला की काही मिनिटांत खेळ आटोपतो. नंतर जाणत्या मेस्त्रींनी मला सांगितले की सुरुवातीचा धूर हा बिघाड नव्हताच. बुलेटमध्ये तेलाचा साठा क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या पेटीच्याच) पोटात वेगळ्या कप्प्यात असतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते तेल पंपातून झिरपत क्रँकच्या खोलीत उतरते, आणि चालू करताच जळून पांढरट धूर येतो. खालचा बोल्ट काढून ते तेल सांडले असते तर काम भागले असते. एका बोल्टाचे काम मी अख्ख्या इंजिनावर नेले होते.

म्हणून तुमच्या गाडीला जागे करताना क्रम असा ठेवा. तेलाचे सर्व बोल्ट उघडून जुने तेल पूर्ण काढा, उजव्या बाजूच्या झाकणातील तेलाचा फिल्टर बदला आणि २०डब्ल्यू-५० ग्रेडचे नवे खनिज तेल भरा. प्राथमिक चेनच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या) पेटीतले आणि गिअरबॉक्समधले तेलही बदला. कार्ब्युरेटर उघडून त्यातील जेट साफ करा, तारेने खरवडू नका. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) बारीक कागदाने पुसून त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. बॅटरी घेण्यापूर्वी गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, हे वायरिंग आणि दिव्यांवरून पाहा. मधल्या काळात कोणी बदल केलेला असू शकतो. टायर, ट्यूब, ब्रेकचे शू आणि सर्व केबली नव्या घाला; यात काटकसर करू नका, पत्नीच्या काळजीचे खरे उत्तर येथेच आहे. मग प्लग बाहेर ठेवूनच किकने इंजिन फिरवत राहा, आणि सिलिंडर हेडकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेथे तेल पाझरते का ते पाहा. तेल तेथवर आल्याखेरीज इंजिन चालू करायचे नाही. नट-बोल्टांच्या बाबतीत सांगायचे तर या गाडीवर जुन्या ब्रिटिश मापांचे आटे आणि मेट्रिक मापे यांची सरमिसळ असते, तेव्हा जो पाना सैल बसतो तो वापरू नका. गोल झालेले नट हे अशा पान्यांचेच काम असते.

या सर्व कामांच्या वेळी काकांना बोलावून खुर्चीवर बसवा आणि पहिली किक कशी मारायची ते त्यांच्याकडून शिका. पद्धत बहुतेकांची सारखीच असते, पण प्रत्येक गाडीचा चोक आणि पहिल्या पेट्रोलचे प्रमाण वेगळे असते, आणि ते त्यांच्या हातांना ठाऊक आहे. सर्वसाधारण रीत अशी. पेट्रोल सुरू करा, थंड इंजिनाला चोक द्या. किल्ली फिरवून किकवर हळूहळू भार द्या. अँपिअरचा काटा उणे बाजूला गेलेला दिसेल. पाय अडला म्हणजे पिस्टन दाबाच्या माथ्याजवळ आला. डाव्या हाताजवळचा डीकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक आणखी किंचित खाली न्या, काटा मध्यावर येताच थांबा. डीकंप्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या, आणि मग अॅक्सिलरेटरला हात न लावता एकच लांब, शेवटपर्यंतची किक द्या. अर्धवट धसमुसळ्या दहा किकांनी गाडी सुरू होत नाही आणि पाऊल मात्र दुखावते. किक उलटी मारू लागली तर इंजिनाचे टायमिंग पुढे गेले आहे असे समजून काम तेथेच थांबवा. उलटी किक घोट्याचे हाड मोडू शकते. चपला घालून किक मारू नका, कितीही उकाडा असला तरी.

गिअरचा विषय मला या पत्रातला सर्वांत गंभीर वाटतो. तुमच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे. पहिला गिअर वर, पुढचे तीन खाली. शांतपणे चालवताना हे दोन दिवसांत जमते. पण समोर अचानक गाय आली की पाय जुन्या सवयीने उजवीकडे ब्रेक शोधतो, तेथे ब्रेक नसतो, आणि दाब गिअरवर पडतो. ही सवय बुद्धीने मोडत नाही, ती पायानेच मोडावी लागते. निदान तीन आठवडे, रोज सकाळी अर्धा तास, गावच्या मोकळ्या मैदानावर फक्त थांबण्याचा सराव करा: वीसच्या वेगावरून, मग तीसच्या, मग चाळीसच्या. पुढच्या ब्रेकला उजव्या हाताने भार देत डावा पाय दाबायचा. ड्रम ब्रेक आजच्या डिस्कसारखा पकडत नाही, आणि गाडीचे वजन १६० किलोंच्या घरात आहे. थांबायला लागणारे अंतर डोळ्यांत बसेपर्यंत रहदारीत जाऊ नका. टाचेने दाबायची एक छोटी पट्टी तुम्हाला गिअरबॉक्सजवळ दिसेल. ती पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून सरळ न्यूट्रलला नेते. सिग्नलवर किंवा चढावर ती फार उपयोगी पडते, तिची ओळख मैदानावरच करून घ्या.

ओळख होण्याचे दुसरे इंद्रिय कान. सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, अशा या लांब धावेच्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांवर जोर असतो. ते ठोके मोजत चालते आणि त्या ठोक्यांतच आपली प्रकृती सांगते. थंड असताना पिस्टनचा हलका टकटकाट येतो आणि गरम झाल्यावर तो मावळतो. त्याची चिंता करू नका. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) बारीक आवाज राहिला तर इंजिन पूर्ण थंड असताना सिलिंडरच्या उजवीकडचे छोटे झाकण उघडा, पिस्टन दाबाच्या माथ्यावर आणा आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारी उभी सळई) बोटांनी मोकळी फिरेल पण वर-खाली हलणार नाही, एवढाच ताण ठेवा. हे काम तुम्ही पहिल्या महिन्यातच शिका. झाकणाचा नट मात्र बेताने आवळा, अधिक आवळल्याने झाकण वाकते आणि तेल गळते. ज्या आवाजाला घाबरायचे तो वेगळा असतो. गाडी चाळीस-पन्नासवर हलक्या भाराने चालली असताना पोटातून येणारा खोल, बोदा ठणका ऐकू आला तर त्याच दिवशी गाडी उभी करा आणि बिग एंड तपासून घ्या. इंजिन उघडण्याचे तेच एक सबळ कारण मी मानतो. एरवी ६०-६५ च्या वेगाने चालवा, चढावर मोठ्या गिअरात गुदमरवू नका, आणि दर दोन हजार किलोमीटरला तेल बदला.

एक गोष्ट काकांच्या काळी नव्हती. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमके तेथे, जेथून पेट्रोल इंजिनाकडे जाते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही त्याने फुगतात. तेव्हा नळी नव्या प्रतीची घाला, गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक दर वेळी बंद करा आणि आठवड्याहून अधिक थांबणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिक घालू नका. आत ओल कोंडून वरून दिसणार नाही असा गंज धरतो. जुनी सुती चादर, खाली लाकडी फळी, आणि आठवड्यातून एकदा इंजिन चांगले गरम होईल एवढी फेरी पुरे आहे. नुसते दोन मिनिटे चालू करून बंद करणे अपायकारकच. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते.

रंगाचे मी मुद्दाम शेवटी घेतो. पायलटच्या गाडीचा पिवळा-काळा रंग नोंदणी बदलल्यावर तुम्हाला काढावा लागेल, आणि तेवढे रंगकाम नियमासाठी करा. बाकीचा घासलेला पत्रा, टाकीवर गुडघ्यांनी पडलेली झिलई, हे सारे एक वर्ष तसेच राहू द्या. कोठून तेल झिरपते, कोणता बोल्ट सैल होतो, हे धुरकट जुन्या पत्र्यावर चटकन कळते आणि दुरुस्ती करताना ओरखड्याची भीती राहत नाही. सायलेन्सर मूळचाच ठेवा. आवाजासाठी तो कापणे बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांना त्याचा जाच होतो.

पाचशे किलोमीटर होईपर्यंत चोर्ला घाटाचा विचार करू नका. पहिली फेरी डिचोलीहून नार्व्यापर्यंत करा, तेथून फेरीबोटीने दिवाडीला आणि दिवाडीहून दुसऱ्या बोटीने जुन्या गोव्याला जा. अंतर थोडे आहे, वेग कमी आहे, आणि प्रत्येक धक्क्यावर इंजिन बंद करून पुन्हा गरम अवस्थेत सुरू करावे लागते. गरम इंजिनाला चोक द्यायचा नाही, हे त्या दिवशी पक्के होईल. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, म्हणून तेथे डाव्या पायाचा ब्रेक अगदी हलक्याने वापरा. आणि बोट लागली की बाकीच्या सगळ्या गाड्या पुढे जाऊ द्या. मागे कोणी हॉर्न वाजवणारे उरले नाही की काटा मध्यावर आणून सावकाश किक मारता येते.